पॉलिएस्टरची घडमोड

पंढरपूर तालुक्याच्या उत्तर भागात, टेंभुर्णीहून पंढरपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, करकंब हे मोठ्या वस्तीचे गाव आहे. उजनी धरणाचे पाणी या पट्ट्यात आल्यापासून येथल्या शेतीत उसाने जे स्थान मिळविले ते अद्याप दुसऱ्या कोणत्याही पिकाला घेता आलेले नाही. पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट करकंबलाच असल्यामुळे दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या दुहेरी ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांची रीघ रस्त्याला लागते, आणि ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हटत नाही. पुढे आषाढ जवळ येतो, त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी पंढरीच्या वाटेवर याच गावावरून जाते, आणि वारकऱ्यांच्या तहानभुकेची सोय गावकरी मोठ्या जिव्हाळ्याने करतात. अलीकडे ती सोय पुष्कळ अंशी बंद बाटल्यांतील पाण्याने होऊ लागल्यामुळे दिंड्या पुढे सरकल्यानंतर रस्त्याच्या दोन्ही कडांना रिकाम्या बाटल्या मागे राहतात.

उसातील साखर हे एका पॉलिएस्टरचे कच्चे द्रव्य होऊ शकते आणि पाण्याची बाटली हे दुसऱ्या पॉलिएस्टरचे पक्के रूप आहे, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे या एका गावाच्या वेशीत त्या पदार्थकुलाची दोन्ही टोके एकत्र आलेली दिसतात. जगभरच्या रसायनज्ञांनी अलीकडे ज्या प्रश्नाला हात घातला आहे तो असा, की जो पदार्थ आपण घडवितो तो वापरून झाल्यावर मोडून पुन्हा आपल्या मूळ द्रव्यांत परत नेता येईल, अशी तजवीज त्याच्या घडणीतच करून ठेवता येईल काय. प्लास्टिकसंबंधी आपल्याकडे जी चर्चा चालते तिच्यात हा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा असूनही सर्वांत उपेक्षित आहे; बंदी, दंड आणि सफाई यांवर पुष्कळ बोलले जाते, पण हे तिन्ही उपाय पदार्थ तयार होऊन हातात आल्यानंतरचे आहेत, आणि त्या पदार्थाचे भवितव्य तर त्यापूर्वीच, त्याची रेणुरचना निश्चित झाली तेव्हाच, बव्हंशी ठरून गेलेले असते.

आम्ल आणि अल्कोहोल योग्य परिस्थितीत एकत्र आणली असता त्यांच्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि दोहोंचे जे संयुग तयार होते त्याला एस्टर म्हणतात. पिकलेल्या केळ्याचा किंवा अननसाचा सुगंध पुष्कळ अंशी अशा एस्टरांचाच असतो. आणि कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी येथे उसाच्या मळीतून निघणाऱ्या अल्कोहोलपासून एथिल ॲसिटेट नावाचे एस्टर कारखान्यात बनविले जाते, तेव्हा ऊस आणि एस्टर यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. आता ज्या रेणूच्या दोन्ही टोकांना आम्लाचे गट आहेत असा एक, आणि ज्याच्या दोन्ही टोकांना अल्कोहोलचे गट आहेत असा दुसरा, हे दोन प्रकारचे रेणू एकत्र आले तर प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी जोडीदार मिळतो, आणि एस्टरचे सांधे एकामागून एक पडत जाऊन शेकडो रेणूंची एक लांब साखळी तयार होते. हीच पॉलिएस्टरची साखळी; शास्त्रीय परिभाषेत तिला बहुवारिक आणि तिच्या मूळ घटकांना एकवारिक म्हणतात.

या सांध्याचा एक गुण पुढच्या सर्व विवेचनाचा पाया आहे. तो जुळताना पाणी बाहेर पडले असल्यामुळे, पुरेशी उष्णता आणि योग्य उत्प्रेरक यांच्या साहाय्याने पाणी पुन्हा आत घातले तर तो सुटतो व आम्ल आणि अल्कोहोल आपापल्या मूळ स्वरूपात वेगळी होतात. पॉलिथिनची पिशवी, ठिबकची नळी आणि शेतातला नेहमीचा मल्चिंग पेपर हे ज्या बहुवारिकाचे बनतात त्याच्या साखळीत कार्बनला कार्बन असा अखंड जोड असतो. तेथे पाण्याला किंवा आम्लाला शिरकाव करण्यास फटच नसते, आणि प्रचंड उष्णतेने ती साखळी तोडली तरी तुकडे कोठे पडतील याचा नेम नसल्यामुळे नाना प्रकारच्या तेलांचे व वायूंचे मिश्रण हाती येते. पॉलिएस्टर मात्र कोठे सुटावयाचे हे स्वतःच्या रचनेत लिहून ठेवूनच जन्माला येते.

तरीही पॉलिएस्टरच्या इतिहासाचा आरंभ या गुणाला दोष मानण्यापासून झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 1930 साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी वितळलेल्या पॉलिएस्टरमधून पहिला कृत्रिम तंतू ओढून काढला. तो रेशमासारखा चमकत होता आणि ओढला असता अधिकच बळकट होत होता, पण त्याचा वितळबिंदू इतका खाली होता आणि गरम पाण्यापुढे तो इतका दुबळा ठरे, की कापड धुवायचे व इस्त्री करायचे म्हटले तर त्याचा काहीच उपयोग नव्हता. कॅरोदर्स यांनी तो मार्ग सोडला आणि ते नायलॉनकडे वळले. 1941 मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये जॉन रेक्स व्हिनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी साखळीत टेरेफ्थॅलिक आम्लाचे ताठर वलय बसविले व त्याला एथिलीन ग्लायकॉलची जोड दिली. या नव्या पॉलिएस्टरचा वितळबिंदू 250 ते 260 अंश सेल्सिअसपर्यंत चढला, आणि टेरिलीन या नावाने ते कापड जगभर पसरले. आपल्याकडे ज्यांच्या लग्नात टेरिकॉटचा सदरा शिवला गेला ती पिढी अजून हयात आहे. 1982 मध्ये रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाल्यावर हे कापड महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत सर्रास झाले. बाटलीचा अवतार मधल्या काळातला: ड्यूपाँमधील नॅथॅनिएल वायेथ यांनी त्याच पदार्थाला दोन्ही दिशांनी ताणून सोड्याचा दाब सोसणारी बाटली घडविली, आणि 1973 मध्ये तिचे पेटंट घेतले. ज्या पदार्थाचा सदरा त्याचीच बाटली. पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट या लांबलचक नावाची आद्याक्षरे घेऊन आपण बाटलीच्या पदार्थाला पेट म्हणतो, एवढाच फरक.

आता रस्त्याच्या कडेची ती बाटली भंगाराच्या दुकानात पोचल्यावर तिचे काय होते ते जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण रसायनज्ञाच्या कागदावरची योजना याच ठिकाणी कसाला लागते. डोळ्यांना एकजिनसी दिसणारी ती वस्तू वस्तुतः तीन-चार निरनिराळ्या पदार्थांची मिळून झालेली असते: अंग पेटचे, झाकण पॉलिथिनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे, वेष्टनाची पट्टी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, क्वचित पीव्हीसीची, आणि ती चिकटविणारा गोंद निराळाच. पुनर्वापराच्या कारखान्यात बाटल्यांचे बारीक तुकडे करून ते पाण्याच्या हौदात सोडतात. पेटची घनता पाण्याच्या सुमारे 1.38 पट असल्यामुळे त्याचे तुकडे तळाशी बसतात, आणि झाकणाचे व साध्या पट्टीचे तुकडे हलके असल्यामुळे वर तरंगतात. केवळ पाण्याच्या साहाय्याने होणारी ही निवड स्वस्त, जलद आणि बिनचूक आहे. पण पट्टी पीव्हीसीची असेल तर तिची घनता पेटच्या अगदी लगत असते, ती पेटबरोबर बुडते, आणि पुढे पेट वितळविण्याच्या उष्णतेत पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटून सबंध घाण्याची साखळी तोडू लागते व माल पिवळा पडतो. बाटलीवर कोणती पट्टी लावावी हा निर्णय ज्याने घेतला त्याच्या डोळ्यांपुढे दुकानाच्या फळीवरील शोभा होती. हौदातील बुडणे-तरंगणे त्याच्या विचारकक्षेत नव्हते. घडविणारा आणि मोडणारा यांच्यात विचारविनिमयच नसला म्हणजे किती लहान गोष्टीवरून किती मोठे नुकसान होते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आपल्या देशात पेटच्या बाटल्यांपैकी फार मोठा हिस्सा गोळा होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केलेला जो अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला त्याचा निष्कर्ष असा होता, की भारतात सुमारे 90 टक्के पेट पुन्हा कोणत्या ना कोणत्या उपयोगात येते, आणि जपान, युरोप व अमेरिका यांचे प्रमाण याहून कमी आहे. या आकड्याचे श्रेय यंत्रसामग्रीपेक्षा कितीतरी अधिक त्या स्त्री-पुरुषांचे आहे, जे पाठीवर पोते घेऊन पहाटेपासून रस्ते धुंडाळतात आणि ज्यांच्या श्रमाची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. 1993 साली पुण्यात स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने अशा कष्टकऱ्यांना ओळखपत्र, संघटना आणि प्रतिष्ठा मिळवून देण्याचे जे कार्य केले त्याचा उल्लेख रसायनशास्त्राच्या लेखात अप्रस्तुत वाटण्याचे कारण नाही. निवडलेला, स्वच्छ, एकजातीय माल हाती आल्याखेरीज कोणत्याही प्रयोगशाळेतील क्रिया व्यवहारात उतरत नाही, आणि तो माल निवडणारे हात यांचेच आहेत.

तथापि गोळा झालेली बाटली पुन्हा बाटली होते असे मात्र सहसा घडत नाही. सोनार जुना दागिना मोडून नवा घडवितो तेव्हा वजनात थोडी घट आली तरी सोने सोनेच राहते. पेट वितळवून पुन्हा घडविले असता वजन जवळजवळ तेवढेच राहते आणि घट येते ती गुणात. वितळण्याच्या उष्णतेत पदार्थातील पाण्याचा अत्यल्प अंशही एस्टरचे सांधे तोडतो, म्हणून तुकडे आधी कित्येक तास 160 अंशांच्या आसपास कोरडे करावे लागतात, आणि एवढी दक्षता घेऊनही साखळ्या थोड्याथोड्या आखूड होतातच. आखूड साखळीच्या मालाला बाटलीचा दाब सोसवत नाही, म्हणून त्याचे तंतू काढतात, आणि त्या तंतूंपासून सतरंज्या, उशांचे भरण आणि स्वस्त कापड तयार होते. त्या कापडात पुढे सूत मिसळते, रंग चढतात, आणि तेथून परतीची वाट बहुधा बंद होते. म्हणजे 90 टक्क्यांचा तो आकडा खरा असला तरी त्यातील बराचसा प्रवास पायरीपायरीने खाली उतरण्याचा आहे.

यावर उपाय म्हणजे पदार्थ नुसता वितळविण्याऐवजी सांधेच सोडवून त्याला मूळ घटकांपर्यंत परत नेणे. पाण्याने, मिथेनॉलने किंवा ग्लायकॉलने हे साधते. नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात अवनखेड येथे पॉलिजेंटा या कंपनीने टाकाऊ बाटल्यांवर ग्लायकॉलची क्रिया करून त्यांचे लहान एस्टर बनविण्याची, ते गाळून शुद्ध करण्याची आणि त्यांच्यापासून पुन्हा लांब साखळीचा धागा काढण्याची पद्धत व्यापारी प्रमाणावर उभी केली, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. वितळलेल्या मालातून रंग आणि मळ वेगळे करणे दुरापास्त असते, तर लहान रेणूंच्या द्रवातून ते गाळता येतात. या पद्धतीचे सगळे बळ यातच आहे.

विकरांचा, म्हणजे सजीवांनी बनविलेल्या उत्प्रेरकांचा (एन्झाइमांचा), मार्ग त्याहून नवा. जपानमधील साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्वापराच्या जागेवरील गाळात पेट खाऊन जगणारा एक जीवाणू सापडल्याचे 2016 मध्ये जाहीर झाले, आणि सजीवसृष्टीला पूर्वी अपरिचित असलेला पदार्थही काही दशकांत तिच्या आहारात येऊ शकतो या जाणिवेने शास्त्रज्ञ थक्क झाले. पुढे 2020 मध्ये फ्रान्समधील तुलूज येथील शास्त्रज्ञ आणि कार्बिओस ही कंपनी यांनी पालापाचोळ्याच्या खतात सापडलेल्या एका विकराच्या रचनेत फेरफार करून, 72 अंश उष्णतेत 10 तासांच्या आत पेटचे किमान 90 टक्के सांधे सोडवून दाखविले. मिळालेल्या घटकांपासून त्यांनी पुन्हा बाटलीही बनविली. यात अडचण आहे ती आधीच्या व नंतरच्या कामांची: बाटलीतील स्फटिकरूप भाग विकराला दाद देत नसल्यामुळे माल प्रथम वितळवून झटकन थंड करावा लागतो, आणि सुटलेले आम्ल सतत उदासीन करावे लागत असल्यामुळे क्षाराचा मोठा साठा शिल्लक उरतो.

हे सर्व उपाय 1941 च्या रेणूला आजच्या गरजांशी जुळवून घेण्याचे आहेत. ज्यांनी तो घडविला त्यांना कापड हवे होते, ते त्यांनी उत्तम प्रकारे दिले, आणि वापरानंतरच्या स्थितीचा विचार त्यांनी केला नाही म्हणून त्यांना बोल लावणे न्याय्य होणार नाही. पण आज जो नवा रेणू योजिला जातो त्याच्या बाबतीत ही सवलत कोणालाही देता येणार नाही, आणि सांधे जुळविण्याच्या आधी ते सुटतील कसे याचा आराखडा मांडणारे रसायनशास्त्र आता प्रत्यक्षात अवतरले आहे.

त्यातील मध्यवर्ती कल्पना समजावयास कठीण नाही. काही एस्टर वलयाच्या रूपात असतात. वलयात रेणूला वाकून बसावे लागत असल्यामुळे त्याच्यात एक ताण साठलेला असतो, आणि वलय उघडून साखळीत सामील झाले की तो ताण मोकळा होतो. उलट बाजूला, साखळीत बांधले गेल्याने रेणूंचे स्वैर संचाराचे स्वातंत्र्य हरपते, आणि उष्णता जसजशी वाढते तसतसे या स्वातंत्र्याचे मोल वाढत जाते. म्हणून प्रत्येक अशा पदार्थाला उष्णतेची एक मर्यादा असते, जिच्याखाली साखळी बांधली जाते आणि जिच्यावर ती उकलून पुन्हा वलये होतात. वलयात ताण फार असेल तर ही मर्यादा फार वर जाते व उकलणे खर्चाचे होते. ताण फार थोडा असेल तर साखळी मुळात बनतच नाही. योजकाचे सारे कौशल्य या दोहोंमधला बिंदू साधण्यात आहे. साखळी एकदा बनल्यावर उत्प्रेरक काढून घेतला आणि तिची टोके बंद केली, तर ती मर्यादेच्या वरही काही काळ टिकून राहते व तिच्या वस्तू घडविता येतात; उकलण्याची वेळ आली की उत्प्रेरक पुन्हा द्यावयाचा.

गामा-ब्युटिरोलॅक्टोन नावाचे पाच अणूंचे वलय या शास्त्रात फार दिवस निरुपयोगी मानले गेले होते. त्यात ताण इतका अल्प, की त्याची साखळी होऊ शकत नाही असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाई. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात यूजीन चेन आणि त्यांच्या सहकारी मियाओ हाँग यांनी शून्याखाली कित्येक अंश थंडीत, नेमक्या उत्प्रेरकाच्या उपस्थितीत, ती साखळी बनवून दाखविली आणि 2016 मध्ये प्रसिद्ध केली. तिला सुमारे तासभर तापविले की ती जशीच्या तशी मूळ वलयांत परत जात होती. थंडीत बनविलेला व मऊ राहणारा पदार्थ व्यवहारात फारसा चालणारा नव्हता, म्हणून 2018 मध्ये त्याच गटाने पाचाच्या वलयाला सहा अणूंचे दुसरे वलय अशा रीतीने सांधले की पहिल्याला थोडा अधिक ताण पडावा; त्याबरोबर नेहमीच्या तापमानात साखळी बनू लागली, पदार्थ बळकट झाला, आणि परतीचा मार्गही शाबूत राहिला. रेणूतील एका वलयाची जोड कशी बसवावी एवढ्या निर्णयाने बाटलीचे सगळे पुढचे आयुष्य बदलू शकते, हे या प्रयोगाने सिद्ध केले, आणि मला तो या विषयातील सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

जर्मनीत कोन्स्टान्झ विद्यापीठातील श्टेफान मेकिंग यांनी 2021 मध्ये निराळी दिशा धरली. पॉलिथिनसारखी लांब कार्बनी साखळी घ्यावयाची आणि तिच्यात दर अठरा कार्बनांनंतर एकेक एस्टरचा सांधा ठेवावयाचा, असा त्यांचा बेत. तेवढ्या विरळ सांध्यांमुळे पदार्थाचे गुण पॉलिथिनसारखेच राहतात, पण सुमारे 150 अंशांच्या मिथेनॉलमध्ये तो सुटून 96 टक्क्यांहून अधिक मूळ द्रव्य परत मिळते. त्याचे घटक वनस्पतितेलांतील मेदाम्लांपासून करता येतात, ही गोष्ट करडईच्या प्रदेशात राहणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावी.

निसर्गानेही पॉलिएस्टर घडविलेले आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मोरिस लमवान यांनी 1926 मध्ये जीवाणूंच्या पेशीत अन्नसाठा म्हणून राहणारे एक पॉलिएस्टर शोधून काढले. ते मातीत सहज कुजते, पण ठिसूळ आहे, आणि वितळण्याच्या व विघटित होण्याच्या उष्णतेत अंतर फार थोडे असल्यामुळे साच्यात घालताना खराब होते. 2023 मध्ये चेन यांच्याच गटाने या साखळीच्या प्रत्येक घटकातील ज्या दोन हायड्रोजन अणूंमुळे हे विघटन सुरू होते ते काढून त्यांच्या जागी मिथिल गट बसविले, आणि ठिसूळपणा व उष्णतेचा दुबळेपणा या दोन्ही तक्रारी एकाच फेरफाराने दूर केल्या.

आता पुन्हा उसाकडे वळू. साखरेचे किण्वन केले असता, जीवाणू योग्य असतील तर, अल्कोहोलऐवजी लॅक्टिक आम्ल मिळते, जे दह्याच्या आंबटपणाचे कारण आहे. या आम्लाच्या एका टोकाला आम्लगट आणि दुसऱ्या टोकाला अल्कोहोलगट असल्यामुळे त्याला बाहेरच्या जोडीदाराची गरजच पडत नाही. प्रथम त्याची आखूड साखळी करतात, मग निर्वात पात्रात उत्प्रेरकासह तापवून तिच्यातून लॅक्टाइड नावाच्या वलयाची वाफ काढून घेतात, ती शुद्ध करतात, आणि त्या वलयांपासून लांब साखळी बांधतात. ती पॉलिलॅक्टिक आम्लाची, म्हणजे पीएलएची. लॅक्टाइड ही घडणीच्या वाटेवरची शेवटची पायरी जशी आहे तशीच मोडीच्या वाटेवरची पहिलीही होऊ शकते, आणि म्हणून पीएलए हे मोडून पुन्हा घडविता येणाऱ्या पॉलिएस्टरांत जन्मतःच मोडते.

महाराष्ट्रात याचा आरंभ झालेला आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरी येथे 2024 च्या ऑक्टोबरमध्ये साखरेपासून लॅक्टिक आम्ल, लॅक्टाइड आणि पीएलए बनविण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. त्याची पीएलएची क्षमता वर्षाला सुमारे 55 टन, म्हणजे शिकण्यापुरतीच आहे, पण कारखानदारीचे ज्ञान अशाच लहान जागी पक्के होते. मोठ्या प्रमाणावरचा प्रकल्प उत्तर प्रदेशात कुंभी येथे बलरामपूर चिनी मिल्सने हाती घेतला आहे, आणि थायलंडमधील रायोंग येथे उसाच्या साखरेपासून वर्षाला 75,000 टन क्षमतेचा कारखाना 2018 च्या अखेरीपासून चालू आहे. कागदावरच्या हिशेबाने 100 किलो साखरेपासून जास्तीत जास्त 84 किलो पीएलए मिळू शकते. प्रत्यक्षात त्याहून कमी. मळी स्वस्त असली तरी तिच्यातील अशुद्धी आम्लाच्या शुद्धीकरणाचा खर्च वाढवितात, आणि जुन्या पद्धतीत आम्ल चुन्याने उदासीन करावे लागत असल्यामुळे दर टन लॅक्टिक आम्लामागे जवळपास एक टन जिप्सम उरते, त्याचाही बंदोबस्त करावा लागतो.

उसाला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब याहून जड आहे. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत, उजनीच्या पाण्यावर शेती, शहरे आणि उद्योग या सर्वांचा हक्क, आणि ऊस हे पाण्याचे पीक. अशा प्रदेशात प्लास्टिकसाठी उसाचे क्षेत्र वाढविण्याचा सल्ला मी तरी देणार नाही. आज जो ऊस गाळला जातो त्याच्याच साखरेचा काही भाग, भाव पडलेल्या वर्षी, या मार्गाला लावणे ही वेगळी गोष्ट, आणि चिपाडातील सेल्युलोजपासून साखर सोडवून ती वापरता आली तर तो मार्ग सर्वांत चांगला. शिवाय मूळ द्रव्यात परत जाणारा पदार्थ जितक्या वेळा परत येईल तितक्या वेळा नव्या उसाची गरज टळते. करकंबसारख्या ठिकाणी मोडीचा प्रश्न शेवटी पाण्याच्या प्रश्नाशी येऊन मिळतो तो असा.

पीएलएची जाहिरात बहुधा कुजणारे प्लास्टिक अशी केली जाते. ते कुजते हे खरे, पण सुमारे 58 अंश उष्णता राखणाऱ्या मोठ्या खतप्रकल्पात. शेताच्या बांधावर किंवा उकिरड्यावर ते वर्षानुवर्षे पडून राहू शकते, आणि कुजल्यावर त्याच्यातील साखरेचे आणि श्रमांचे मोल वायुरूपाने निघून जाते. ज्या वस्तू गोळा होऊ शकतात त्यांच्या बाबतीत कुजणे हा दुय्यम उपाय आहे, आणि परत मूळ घटक मिळविणे हा श्रेष्ठ, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या वस्तू गोळा होणेच शक्य नाही त्यांचा न्याय निराळा. टरबुजाच्या किंवा मिरचीच्या वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंग पेपर हंगामानंतर मातीला चिकटून चिंध्या होऊन निघतो, आणि बांधावर पेटविला जातो. तेथे मातीतच कुजेल असे पीबीएटी जातीचे पॉलिएस्टर वापरणे योग्य, मात्र आज त्याची किंमत शेतकऱ्याला परवडणारी नाही.

आणि पीएलएची बाटली साध्या बाटल्यांच्या ढिगात मिसळली तर काय होते? दोन्ही तितक्याच पारदर्शक, दोन्ही हौदात बुडणाऱ्या. पेट कोरडे करण्याच्या उष्णतेत पीएलए मऊ होऊन तुकड्यांना चिकटते, आणि पेटच्या वितळबिंदूला ते जळून पिवळे पडते. अवरक्त किरणांच्या यंत्राने त्यांची निवड अचूक होते, पण ते यंत्र तालुक्याच्या गावी कोठून येणार?

महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली तेव्हा बाटलीवर परतीची रक्कम छापण्याची तजवीजही तिच्यात होती. अंमलबजावणीच्या ओढाताणीत ती मागे पडली. कुजणाऱ्या प्लास्टिकला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दाखला लागतो. पण जे प्लास्टिक मूळ घटकांत परत नेण्यासाठी घडविले आहे त्याला वेगळी खूण नाही. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात जो अंक असतो त्यात पेटला 1 मिळाला आहे. पीएलए आणि त्याच्यामागून येणारी सर्व नवी पॉलिएस्टरे 7 या अंकाखाली, इतर या सदरात, इतर असंख्य पदार्थांबरोबर जमा होतात, आणि 7 अंकाच्या मालाला भंगाराच्या दुकानात सहसा गिऱ्हाईक मिळत नाही. त्या पॉलिएस्टरांना स्वतंत्र अंक मिळावा, परतीची रक्कम बाटलीवर छापली जावी आणि ती देण्याची जबाबदारी बाटली विकणाऱ्यावर असावी, एवढ्या तीन गोष्टींसाठी कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही. दफ्तरी हुकूम पुरेसा आहे, आणि तो निघाला तर आषाढात करकंबच्या रस्त्यावर पडलेली नवी बाटलीही वेचणाऱ्याच्या पोत्यात पेटच्या शेजारी आपल्या नावाने जाईल.